सहा नव्या खुंट्या

"तारेचं ऐकू नकोस पोरी, माझं ऐक. माझ्या गळ्याला लाव."

हा आवाज निकिताच्या कानात एकवीस वर्षं मुक्कामाला होता. तेव्हा ती आठ वर्षांची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सतरंजी अंथरून केलेलं स्टेज, बांबूला बांधलेल्या निळ्या पताका, आणि काखेत धड मावेना असं तुणतुणं. बाबा पुढं उभे, तिच्याकडं पाठ करून. सूर लावता लावताच त्यांनी मागं हात करून खूण केली, चढव, अजून चढव. तिनं दातओठ खाऊन खुंटी पिळली. तार वर गेली, गेली, आणि एका जागी पोचल्यावर तार कुठली आणि बाबांचा गळा कुठला हेच कळेना. दोन ओढे मिळाले की पाण्याला नाव उरत नाही, तसं.

घरी येताना बाबांनी तिला खांद्यावर घेतलं होतं. "लक्षात ठेव," ते म्हणाले होते, "गळा वाट काढतो, तार मागून चालते. उलटं कधी होत नाही."

ती मागून चालत राहिली. आता चालून चालून पाय भरून आले होते.

त्या रविवारी नऊ वाजले तरी ती अंथरुणातच होती. आठवडाभर ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून शोधून डोळे जड झालेले. चूक दिसली की लिहायची, कुणाचीही असो, लिहायची आणि वर पाठवायची, हेच तिचं काम. कात्रज ते हिंजवडी, हिंजवडी ते कात्रज. त्यात एप्रिल तोंडावर आलेला, म्हणजे कार्यक्रमांचा हंगाम.

बाबांनी, भीमरावांनी, उशाशी एक डबी आणून ठेवली.

"ऊठ. बघ काय आलंय."

डबीत स्पंजात खोचलेल्या सहा खुंट्या होत्या. स्टीलच्या, चकचकीत. प्रत्येकीच्या पाठीला एक छोटी चकती.

"लॉकिंग ट्यूनर म्हणतात यांना," भीमराव म्हणाले. "वरच्या मजल्यावरच्या दीपालीकडून मागवून घेतले. व्हिडिओ तीनदा पाहिला मी. तार भोकात घालायची, मागची चकती आवळायची, संपलं. वेढेच द्यायचे नाहीत, तर सुटणार काय? आता बघतो तुझी गिटार कशी उतरते ते."

"बाबा, कशाला एवढं..."

"कशाला म्हणजे? चौदा तारखेला आम्रपालीच्या पोरांबरोबर गायचंय. तिथं मध्येच थांबून तारा पिळत बसणारेस?"

भीमराव सदुसष्ट वर्षांचे होते. पस्तीस वर्षं त्यांनी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात चावीवाला म्हणून काम केलं. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचं, रस्त्यातली झाकणं उघडून पेठेपेठेचं पाणी सोडायचं, दुपारी झोपायचं, आणि दिवस कलला की गायन पार्टी घेऊन बोलावतील त्या वस्तीत भीमगीतं गायला जायचं. चावीवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दाब कमी पडला तर दोष पाण्याचा नसतो, कुठंतरी फिटिंग ढिलं असतं. ते शोधायचं आणि बदलायचं. गिटारीचंही त्यांनी तसंच निदान केलं होतं.

निदान चुकलं होतं. गिटार कधी उतरलीच नव्हती.

उतरला होता भीमरावांचा गळा. आयुष्यभर ते काळी चारमध्ये गायले, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी त्यांचा सा. बाप्यांच्या गळ्याला ती उंच पडते. बाकीचे शाहीर दोन पायऱ्या खालून गात आणि म्हणत, भीमराव काय, तो गच्चीवर राहतो. दोन वर्षांपूर्वी गच्ची झेपेनाशी झाली. हे पहिल्यांदा बोलून दाखवलं रतनकाकांनी. रतनकाका पार्टीचे पेटीवाले, तीस वर्षांचे सोबती. सगळ्या पार्टीदेखत ते सरळ म्हणाले, "दादा, काळी चार आता पुरत नाही तुम्हाला. पट्टी खाली घेऊ."

भीमराव म्हणाले, "रतन, तुझी पेटी जुनी झाली. माझा गळा नाही."

रतनकाकांनी पेटीचा भाता बंद केला, खिट्टी लावली, आणि ते पुन्हा आले नाहीत. बोलावणंही गेलं नाही. तीस वर्षांची सोबत एका वाक्यात विझली. निकिता तिथंच उभी होती. तिनं त्यातून एकच धडा घेतला, की हे वाक्य आपण बोलायचं नाही.

पेटी गेली, तेव्हा सुराला उरली फक्त निकिताची गिटार. पुढच्या कार्यक्रमाआधी कनातीमागं बसून तिनं सहाही तारा एक घर, म्हणजे पेटीची शेजारची एक पट्टी, खाली आणल्या. बोटं तीच, दांडीवरच्या कॅपोच्या चिमट्याची जागा तीच, वरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. बाबांनी विचारलं, "काळी चार?" ती म्हणाली, "काळी चार." बाबा गायले, मोकळे गायले, आणि स्टेजवरून उतरताना म्हणाले, "बघितलंस? पेटीचाच दोष होता."

मग विचारणं तेच, उत्तर तेच, आणि तार मात्र हळूहळू एकेक घर खाली. गाता गाता गळा आणखी घसरला तर ती हात वर करायची, "थांबा बाबा, तार उतरली." लोक हसायचे. ढोलकीवाला आनंद माईकवरून विचारायचा, "ताई, ही गिटार आहे का विहिरीतला पोहरा? सोडली की खाली, सोडली की खाली!" आणखी हशा. तेवढ्यात ती बाबांच्या गळ्याचा अंदाज घेऊन खुंट्या सोडायची. ढिल्या तारा भुंग्यासारख्या गुरगुरतात, म्हणून तिनं गुपचूप जाड तारा घातल्या होत्या. दोन वर्षांत तिची गिटार तीन घरं खाली आली होती. काळी चारवरून पांढरी चारवर.

आता आम्रपालीचा फोन आला होता. आम्रपाली त्यांच्या जुन्या वस्तीतली, आता तिथल्या तरुण मुलामुलींचा बँड चालवायची. जयंतीला भीमरावकाकांनी आमच्याबरोबर एक गाणं गावं, अशी तिची इच्छा. कीबोर्ड, ड्रम, आणि मागं कॉम्प्युटरवर आधीच बनवून ठेवलेला ट्रॅक. ट्रॅक काही कुणाच्या गळ्यामागं चालत नाही.

"काका, तुमची पट्टी काळी चारच ना?" फोनवर तिनं विचारलं होतं.

"भीमरावची दुसरी कुठली असणार?" निकितानं मान वर करायच्या आत उत्तर गेलंही होतं.

त्याला चार दिवस झाले होते. चार दिवस तिला तेच दिसत होतं. सगळी वस्ती समोर, मागं ट्रॅक चाललेला, आणि बाबांचा हात मागं येऊन खूण करतोय, पण मागून चालायला कुणी नाही.

*

बस स्वारगेटपर्यंत. पुढं चालत. गिटार भीमरावांनीच खांद्याला लावली. "तू दमलीयस," म्हणाले. ती खरंच दमली होती, नको म्हणायलाही.

कसबा पेठेत रंगनाथरावांचं दुकान म्हणजे भिंतीत काढलेला कोनाडा जणू. वर ढोलक्या टांगलेल्या, खाली उघड्या पोटाची पेटी, कोपऱ्यात तबल्याच्या वाद्या भिजत घातलेल्या. गिटारवाली पोरं हल्ली इथंच यायची, कारण रंगनाथराव काम चोख करायचे आणि बोलायचे कमी. जेवढं बोलायचे तेवढंही जास्त वाटायचं, हा भाग वेगळा.

"या शाहीर. वाट चुकलात?"

"जय भीम, रंगनाथराव."

"जय भीम. हिला काय झालंय?"

"उतरते."

"आपल्या वयाला सगळंच उतरतं. ही तर लहान आहे." त्यांनी गिटार मांडीवर घेतली. एक तार छेडली, जोरात ओढली, सोडली, परत छेडली. मग दुसरी. मग शेजारच्या पेटीवर एक बोट ठेवून तारेशी ताडून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तीन घरं खाली आहे."

"बघा!" भीमराव पुढं सरसावले. "मी म्हणत नव्हतो?"

"ही पण तीन. ही पण तीनच." रंगनाथराव एकेक तार ताडत गेले. "सहाच्या सहा तीन घरं खाली. शाहीर, सुटणारी तार एकटीदुकटी सुटते. अशा हातात हात घालून..."

त्यांनी मान वर केली. भीमरावांच्या खांद्यामागून निकिता त्यांच्याकडं बघत होती. तिनं काही खूण केली नाही. नुसती बघत होती, ओझं डोक्यावरून उतरवायला कुणी पुढं येतंय का, असं बघतात तशी.

रंगनाथरावांनी वाक्य गिळलं. "समोर चहा सांगून या बरं. तीन. माझा बिनसाखरेचा. त्याला तुम्ही स्वतः सांगा, माझं तो ऐकत नाही."

भीमराव गेले. रंगनाथराव चष्मा पुसत बसले.

"एवढ्या जाड तारा खाली लावणारेच घालतात. तुम्हीच उतरवल्यात."

"हो."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

"त्यांना?"

"नाही माहीत."

"आणि हे लोढणं त्यांनी आणलं, तार घसरू नये म्हणून." त्यांनी डबीतली एक खुंटी उजेडात धरली. "माल चांगलाय. जुन्यांतही काही दोष नाही म्हणा."

"काका, तुम्ही सांगाल का त्यांना?" तिच्या तोंडून निघून गेलं. "तुमचं ऐकतील."

"माझा चहावालादेखील माझं ऐकत नाही." चष्मा पुन्हा नाकावर चढला. "मी खुंट्या बसवतो, ताई. तेवढंच येतं मला. पण एक सांगून ठेवतो. या बसल्यावर तार जागची हलणार नाही. पुढच्या वेळी कुणावर ढकलायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा."

भीमराव चहाचे ग्लास घेऊन आले आणि काम सुरू झालं. जुन्या तारा कापल्या. जुन्या खुंट्यांचे बारीक स्क्रू काढले. त्यांची भोकं नव्या खुंट्यांना जुळेनात, तेव्हा दात कोरायच्या काड्या सरसात बुडवून त्यात ठोकल्या आणि पात्यानं सपाट केल्या. नव्या सहा खुंट्या माथ्यावर ओळीत उभ्या करून, पट्टी लावून, एक डोळा मिटून बघितलं. एक कणभर वाकडी होती. पुन्हा काढली. भीमराव सगळे छोटे नट आणि वायसर तळहातावर धरून उभे होते, पाखराचं पिल्लू धरावं तसे, श्वासही जपून घेत. मागतील ते बोटाच्या चिमटीनं पुढं करत होते.

"तारा आणल्यात का?"

"आणल्यात. बारीक. व्हिडिओत सांगितलं तशा."

रंगनाथरावांनी निकिताकडं पाहिलं नाही. बारीक तार भोकातून ओवली, ताणली, मागची चकती बोटांनी आवळली. खुंटीला अर्धा फेरा, आणि तार बोलायला लागली. उरलेलं शेपूट पक्कडीनं कापलं. कट्. दुसरी. कट्. सहा तारा लावायला गिटारवाल्याला एरवी पाऊण तास लागतो, इथं दहा मिनिटांत झालं. मग पेटीवर ताडून त्यांनी एकेक तार जिथल्या तिथं नेऊन ठेवली, खऱ्या जागी. दोन वर्षांनी गिटार ताठ उभी राहिली.

निघताना जुन्या खुंट्यांची पुडी त्यांनी भीमरावांच्या हातात दिली.

"टाकू नका. चांगल्या आहेत."

"चांगल्या कसल्या? दोन वर्षं पोरीचा जीव काढला यांनी."

"मी म्हणतो म्हणून ठेवा," रंगनाथराव म्हणाले आणि उघड्या पेटीत डोकं घालून बसले.

*

शैलानं, निकिताच्या आईनं, मंडईतून लिंबं आणायला सांगितली होती. निकिता मंडईच्या दगडी पायरीवर टेकली, गिटार मांडीवर. भीमराव गर्दीत शिरले.

तिनं फोन काढला. आम्रपालीचं नाव काढून लिहिलं, "ताई, ट्रॅक तीन घरं खाली घ्याल का? पांढरी चार. बाबांना कळू देऊ नका." कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं काम. आम्रपाली समजूतदार होती, विचारणार नव्हती. एक बोट टेकवलं की झालं. चौदा तारीख निभेल. पुढच्या वर्षी चार घरं. त्याच्या पुढच्या वर्षी पाच.

तिनं गिटारीच्या पिशवीची चेन थोडी उघडली. नव्या खुंटीवर बोटं ठेवली. गार होती, गुळगुळीत. तुणतुण्याची खुंटी कशी कुरकुरायची, फिरवणाऱ्याशी भांडायची. ही भांडणार नव्हती. म्हणाल तिथं येईल आणि म्हणाल तिथं राहील. घरी पोचायच्या आत सहाही खाली आणता आल्या असत्या. कुलूप तारेला असतं, फिरवणाऱ्या हाताला नसतं.

गर्दीतून बाबांचा आवाज आला. "डझनभर दे."

लिंबंवाली आपली दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत राहिली.

"अगं डझनभर दे म्हटलं."

तिनं कानामागं हात नेला. "काय म्हणता आजोबा? मोठ्यानं बोला की."

निकितानं डोळे मिटले. याच माणसाचा आवाज माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत जायचा. लोक म्हणायचे, भीमराव गायला लागला की पलीकडच्या वस्तीत भाकरी करपते. तिनं पिशवीची चेन लावली. फोन बघितला. मेसेज तसाच होता, लिहिलेला आणि न पाठवलेला. तिनं तो पुसलाही नाही. दमलेल्या माणसाला पुसायलाही बळ लागतं.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. गुडघ्यांत गिटार, तिच्या पिशवीवर हनुवटी. "आनंदला फोन करून सांगतो," ते म्हणाले. "म्हणावं, तुझा पोहरा आता वरच राहणार." धनकवडीपाशी त्यांचा डोळा लागला.

*

घरी पाच वाजले. शैला स्वयंपाकघरात कुकर लावत होती. भीमरावांनी तोंड धुतलं, सदरा बदलला, आणि दिवाणावर मांडी घालून बसले. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी खिळ्याला तुणतुणं.

"लाव काळी चार."

"उद्या करू का बाबा? मी खूप दमलेय."

"दमायचे दिवस संपले तुझे. तार आता तुला त्रास देणार नाही." मग जमिनीकडं बघत म्हणाले, "माझ्यासाठी नाही मागवल्या त्या खुंट्या. गाण्यासाठीही नाही. दोन वर्षं लोक तुला हसतात. स्टेजवर, माझ्यादेखत. तो आनंद काहीबाही बोलतो आणि तू खाली मान घालून तारा पिळत बसतेस. मला पुढं तोंड करून उभं राहवत नव्हतं बघ."

निकिता गिटार घेऊन बसली. कॅपो लावला. तीच बोटं, तीच जागा. तारा छेडल्या. खरी काळी चार खोलीत उभी राहिली, स्वच्छ, उंच, परक्या घरात आल्यासारखी.

भीमरावांनी डोळे मिटले आणि स्वतःचंच जुनं पद उचललं.

"उजेडाचा माग काढीत निघाली गं माझी माय,
वाटेतल्या काट्यालाही विचारीत, दुखलं काय?"

'माय'वर गळा वर जायचा. गेला नाही. अर्ध्या वाटेवर चिरकला आणि खाली बसला. ते खाकरले. "चहाचा कफ," म्हणाले. पुन्हा उचललं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यांनी सगळं अंग वर ओढलं, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या, आणि नुसतीच हवा बाहेर आली.

स्वयंपाकघरात शैलाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"रंगनाथनं चूक केली," भीमराव धापा टाकत म्हणाले. "जास्त चढवल्यात त्यानं. नव्या खुंट्या, अंदाज आला नसेल. उद्या परत नेऊ."

"पेटीवर ताडलंय त्यांनी, बाबा."

"त्याची पेटीही जुनी आहे."

हे वाक्य खोलीत पडलं आणि पडूनच राहिलं. त्यांचं त्यांनाही ते ऐकू आलं असावं. ते उठले, खिळ्यावरचं तुणतुणं काढलं, धूळ पुसली, आणि तिच्यासमोर येऊन बसले.

"हे खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "याला मी माझ्या गळ्याला लावतो. तू तुझी त्याला मिळव. म्हणजे कळेल त्यानं कुठं चुकवलंय."

ते सूर लावत होते आणि खुंटी पिळत होते. हळूहळू, मान तिरकी करून. तार थोडी वर, थोडी खाली, थोडी वर. मग एका जागी तार आणि गळा एकमेकांत गेले. दोन ओढे मिळाले. काय गोड सूर होता तो, थोडा घोगरा, उन्हानं तापून संध्याकाळी निवत आलेल्या दगडासारखा. निकिताला वाटलं, हे असंच चालू राहावं, कुणी काही विचारू नये.

"हं. ही काळी चार," भीमराव म्हणाले. "मिळव."

तिनं गिटारीवर शोधलं. काळी चार वाजवली, ती या सुराशी भांडली. एक घर खाली, भांडली. आणखी एक खाली, थोडी निवळली. आणखी एक, आणि तुणतुणं आणि गिटार एकच झालं. भीमरावांचे डोळे तिच्या बोटांवर होते. बोटं किती सरकली, ते त्यांनी मोजलं होतं. चावीवाल्याला फेरे मोजायची सवय असते.

ते तुणतुण्याची तार छेडत राहिले. टुंग, टुंग, टुंग. किती तरी वेळ.

मग त्यांनी विचारलं, अगदी हलक्या आवाजात, कनातीमागं विचारायचे तसं.

"काळी चार?"

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. दोन वर्षं तेच होतं. फोनमध्ये मेसेज तयार होता. एवढे दोन शब्द बोलले, की बाबा मान डोलवतील, तुणतुणं खिळ्यावर जाईल, दोष रंगनाथरावांच्या खात्यावर जाईल, आणि आई पुन्हा भांडी वाजवायला लागेल. आणि चौदा तारखेला तो हात मागं येईल, खूण करत, चढव, अजून चढव.

तिनं गिटार बाजूला ठेवली. बाबांच्या तारेवरच्या बोटावर आपला हात ठेवला. टुंग थांबलं.

"पांढरी चार," निकिता म्हणाली. "पांढरी चार आहे, बाबा. गिटार कधीच उतरली नाही. एकदाही नाही. तुमचा गळा खाली येत गेला आणि मी त्याच्यामागं तारा उतरवत आले, तुम्हाला कळू नये म्हणून. त्या खुंट्या चांगल्या होत्या." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आणि रतनकाका खरं बोलले होते."